आपण ठरवू

माझ्या धाकट्या भावाला घरात बंड्या म्हणतात. आज तो या गावाचा अध्यक्ष आहे, आणि बंड करणाऱ्यांना आत टाकतो. स्वतःच्या नावाचीसुद्धा लाज उरली नाही मेल्याला. मी त्याची थोरली बहीण, आणि ज्या मुलीची ही गोष्ट आहे ती माझी एकुलती एक लेक, म्हणजे त्याची सख्खी भाची. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर कुणाला वाटायचं की ही बाई कुणा परक्यावर दातओठ खातेय. परक्यावर एवढा राग धरायला मला वेळ नाही.

आमचा धंदा लाउडस्पीकरचा. वडिलांनी सुरू केला, त्यांच्यामागे मी चालवते. सभा, शर्यती, लग्नं, प्रचार, शोकसभा, जिथे चार लोकांपर्यंत आवाज पोचवायचा असेल तिथे आमचे भोंगे जातात. वडिलांचा एकच नियम होता. माइक कुणाच्या बापाचा नसतो, जो समोर उभा राहील त्याचा. भाडं कोण देतंय ते बघून त्यांनी कधी आवाज वरखाली केला नाही. आई लवकर गेली, म्हणून बंड्या माझ्याच हाताखाली वाढला. शाळेतून आला की खांद्यावर वायरीचं वेटोळं टाकून माझ्यामागून चालायचा. माइक टेस्ट करायला सांगितलं, तर लोक हॅलो हॅलो म्हणतात, हा रिकाम्या खुर्च्यांपुढे भाषण ठोकायचा.

बोलायचा मात्र छान. खोटं कशाला बोलू? त्या बोलण्यावरच तर गाव भाळलं.

तेव्हा जुने अध्यक्ष होते. त्यांना प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'आम्ही' लागायचं. आम्ही ठरवलं आहे, आम्ही परवानगी देत नाही, आम्हाला हे मान्य नाही. एकदा नगरभवनातल्या सभेत त्यांनी जाहीर केलं की बस डेपोमागचं मैदान आम्ही कुंपण घालून बंद करतो आहोत. ते मैदान म्हणजे गावाची बसायची जागा. मुलं तिथे खेळायची, संपवाले तिथेच जमायचे, भांडणं तिथे व्हायची आणि मिटायचीही तिथेच. बंड्या डेपोच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता. तेलकट कपड्यांनीच उठला, माझ्या माइकसमोर आला आणि म्हणाला, "साहेब, हे आम्ही म्हणजे नक्की कोण? आत्ता खुर्चीत तर तुम्ही एकटेच दिसताय."

हॉल हसून हसून लोटपोट झाला. हसू ओसरल्यावर त्याने आवाज खाली आणला. त्याला ते जमायचं. म्हणाला, "आम्ही म्हटलं की समोरचा बाहेर राहतो. आपण म्हटलं की समोरचा आत येतो. या गावात यापुढे आम्ही नाही, आपण. मैदानाचं काय करायचं ते आपण ठरवू."

आपण ठरवू. दोन शब्द. भिंतीभिंतीवर रंगले. आमच्या गल्लीतल्या शिंप्याने, माझी लेक त्याला शिंपीकाका म्हणते, घरचं कापड लावून झेंडे शिवले. मी भोंगे फुकट दिले. निवडणुकीत जुन्या अध्यक्षांचं डिपॉझिटसुद्धा राहिलं नाही.

आणि सुरुवातीला तो खरंच चांगला वागला, हेही सांगते, कारण राग आला म्हणून माणसाचं चांगलं खाऊन टाकू नये. मैदान उघडं राहिलं. दर महिन्याच्या सभेत माइक सगळ्यांना मोकळा झाला. ज्याला वाटेल त्याने उठावं, बोलावं, अध्यक्षाने सगळ्यात शेवटी बोलावं. बंड्या स्टेजवर बसायचाच नाही, खाली लोकांत बसायचा. एका म्हातारीने गटारावरून त्याला भर सभेत फैलावर घेतलं, तेव्हा तिच्या हातात माइक नीट धरून द्यायला तोच पुढे झाला होता. मी ॲम्प्लिफायरमागे बसून बघत होते. माझा ऊर भरून आला होता, आज आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

मग हळूहळू सुरू झालं. खाली बसलं की मागच्यांना दिसत नाही, म्हणून खुर्ची स्टेजवर गेली. सगळेच बोलले तर वेळ पुरत नाही, म्हणून आधी चिठ्ठी द्यायची. चिठ्ठीवर नुसतं नाव कसं, विषयही लिहायचा. विषय सोडून कुणी बोललं तर? म्हणून अध्यक्षांच्या टेबलाखाली एक कळ बसवायची, दाबली की माइक बंद. ती मला बसवायला सांगितली. मी म्हटलं, वडिलांच्या माइकचा गळा मी नाही दाबायची. मग बाहेरून कुणी ठेकेदार आला आणि बसवून गेला, आणि नगरभवनाचं काम मी सोडलं. कळ म्हणजे बटण आणि कळ म्हणजे दुखणंही. ज्याने हा शब्द पाडला तो शहाणा असणार.

शेवटी 'शांतता नियम' आला. सभेची किंवा रस्त्याची शांतता जो मोडेल त्याला चौकशीसाठी ठेवून घेता येईल. किती दिवस, ते लिहायचं राहून गेलं म्हणे. पहिला आत गेला तो शिंपीच. मैदानाच्या कडेला खांब पुरताना त्याने पाहिलं, आणि हे कुंपण कुणी ठरवलं एवढंच कामावरच्या मुकादमाला विचारलं. हो, तेच मैदान. ज्याने झेंडे शिवले त्यालाच दोरी.

माझी लेक बस चालवते. गावातली पहिली बाई ड्रायव्हर, आणि शिंपीकाकाच्या मांडीवर वाढलेली. ती सभेला गेली तेव्हा ड्यूटीवरून तशीच गेली होती, अंगात युनिफॉर्म, खिशात शिट्टी. चिठ्ठीवर विषय लिहिला होता, बसथांब्यावर सावली हवी. सावलीबद्दल ती बोलली आणि मग म्हणाली, "मामा, एक विचारू? शिंपीकाकाला कुणी आत घातलं?"

मी मागच्या बाकावर होते. भाची असल्यामुळे असेल, बंड्या गोड हसला. म्हणाला, "आम्ही तो निर्णय गावाच्या भल्यासाठी घेतला आहे."

लेकीने मान तिरकी केली, अगदी त्याच्यासारखी, आणि म्हणाली, "मामा, हे आम्ही म्हणजे नक्की कोण? आत्ता खुर्चीत तर तुम्ही एकटेच दिसताय."

ते वाक्य गावाला तोंडपाठ होतं. दोन क्षण कुणाचा विश्वास बसेना आणि मग हॉल असा हसला की खिडक्यांच्या काचा वाजल्या. बंड्याचा हात टेबलाखाली गेला. माइक मेला. पण हसायला कुठे माइक लागतो? लोक हसतच राहिले, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत. एकटा बंड्या हसत नव्हता. दारातच दोन शिपायांनी लेकीला दोन्ही दंडांना धरलं. सभेत हशा पिकवून शांतता भंग, असं कारण लिहिलं होतं. हशा पिकवून! पीक घेतल्याचा गुन्हा. समोरच्याला आत घेतो म्हणाला होता ना, घेतलं की!

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या वेळी मी दारात उभी होते. त्याच्या खोलीवर आता दिवा बसवलाय. लाल लागला की थांबायचं, हिरवा लागला की आत. बाहेर सचिव बसतात. माणूस मऊ, बोलतो ते तुपात बुडवून. जुन्या अध्यक्षांकडेही हेच सचिव होते आणि उद्या कुणी तिसरा आला तरी हेच असतील. मला म्हणाले, "ताईसाहेब, एक नम्र विनंती. आत गेल्यावर साहेबांना अरेतुरे नको. इथे सगळे त्यांना आपण म्हणतात. आपण बसावं, आपण सांगाल तसं. आपण ठरवाल ते."

"सगळ्यांनी त्याचं नाक पुसलेलं नाही," मी म्हटलं आणि लाल दिव्याखालून आत गेले.

खुर्चीची पाठ त्याच्या डोक्याच्या वर हातभर. समोरच्या खुर्च्या मात्र बुटक्या. निरखून पाहिलं तर त्यांचे पाय खालून कापलेले. म्हणजे समोरचा बसला की त्याची हनुवटी टेबलाला लागली पाहिजे.

"ताई, बस ना."

"ह्या खुर्चीत? हिचे पाय तोडलेत रे तू. पोरगी कुठाय?"

"सुखरूप आहे. चौकशी चाललीय. डबा घरून पाठव हवं तर, अडवू नका म्हणून सांगितलंय मी." हे असं बोलला जसं काही आभार मानायला हवेत.

"कसली चौकशी? तुझंच वाक्य बोलली ती. तू बोललास तेव्हा टाळ्या आणि ती बोलली की कोठडी?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"काय वेगळं होतं, सांग."

"तेव्हा खुर्चीत चुकीचा माणूस होता."

चेष्टेत नाही बोलला. त्याला ते मनापासून पटलेलं होतं. चोराला चोरी माहीत असते, त्याच्याशी भांडता येतं. याच्याशी भांडायचं कसं?

"हसले ते, ताई," तो पुढे वाकून म्हणाला, आणि क्षणभर त्याचा आवाज लहानपणीसारखा झाला, खेळताना कुणी मारलं की मला येऊन सांगायचा तसा. "अख्खा हॉल हसला. आज हसले, उद्या माझं ऐकणार कोण? गाव चालवायला धाक लागतो. वायरी जोडण्यापलीकडे तुला काय कळतं यातलं?"

"मला एवढं कळतं की माइकसमोर त्याचाच भोंगा ठेवला की तो शिट्टी मारतो. स्वतःचाच आवाज ऐकतो, तोच परत ओकतो, वाढत वाढत कान फाडतो. तुझं तेच झालंय. या खोलीत तुझ्याशिवाय कुणाचा आवाज येतच नाही. सोड तिला, बंड्या. आजच्या आज सोड."

त्याने फोनकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मला खरंच वाटलं की आता उठेल. तेवढ्यात दार ढकलून सचिव आले, "आपली पुढची बैठक", आणि बंड्याची पाठ परत खुर्चीला टेकली.

"आम्ही बघू काय करता येतं ते," तो म्हणाला.

मला म्हणाला. मला! ज्या बहिणीने याला भात कालवून भरवला तिला हा आम्ही म्हणाला. मी तिथून बाहेर कशी आले, मला आठवत नाही.

गावाने मात्र त्या शब्दाची पाठ सोडली नाही. कुणी अधिकारी आम्ही म्हणाला की रांगेत कुठेतरी खोकला यायचा. पोरं गल्लीत विटीसारखा तो शब्द इकडून तिकडे टोलवायची. पाणीपट्टीच्या खिडकीवरचा कारकून एका बाईला म्हणाला, आम्ही दहा वाजता उघडतो, तर ती म्हणाली, आत तर तुम्ही एकटेच दिसताय. त्या बाईला आत टाकतील म्हणून लोक घाबरले, पण इतक्यांना ठेवणार कुठे?

तेव्हा वरून हुकूम निघाला. असा हुकूम जगात दुसरीकडे कुठे निघाला असेल असं मला वाटत नाही. नगरपालिकेच्या कुठल्याही फलकावर, पत्रावर, भाषणात 'आम्ही' हा शब्द यापुढे वापरू नये. जिथे जिथे आम्ही असेल तिथे तिथे 'आपण' घालावं, कारण तेच साहेबांचं मूळ ब्रीद आहे. साहेब म्हणतील ती पूर्व दिशा! कारकून मंडळी ब्रश घेऊन निघाली. कचेरीच्या दारावर पाटी होती, 'आम्ही आपल्या सेवेसाठी'. ती झाली 'आपण आपल्या सेवेसाठी'. लोक ती वाचायचे, ओठ दाबायचे आणि पुढे व्हायचे. साहेबांना ती कुणी वाचून दाखवली नाही. कोण दाखवणार?

डबा रोज देत होते, पण लेक काही सुटत नव्हती. शिंप्याने पुन्हा असं विचारणार नाही म्हणून लिहून दिलं आणि तो सुटला. परत मशीनवर बसला, पण मान वर करत नाही. मी दुकानासमोरून गेले तर पायडल जोरात मारायला लागतो, म्हणजे बोलावं लागू नये. त्याला बघून माझ्या मनात नको ते यायला लागलं. माझी लेक अशी घरी आली तर? आली तरी चालेल, असं मन म्हणायचं, पण येऊ दे. लोक मला येऊन सांगायचे, ताई, तुमची पोरगी सगळ्या गावासाठी लढतेय. त्यांच्या तोंडावर दार आपटावंसं वाटायचं. गावासाठी तुमच्या पोरी पाठवा की!

मग सचिव घरी आले. साहेबांनी मोठं मन केलं आहे, म्हणाले. येत्या सभेत लेकीने माफी वाचायची, मायलेकी दोघींच्या वतीने, कारण मीही साहेबांचा अवमान केला होता, लाल दिव्याखालून गेले होते. वाचून झालं की तिथूनच घरी. सुटकेच्या हुकमावर सहीसुद्धा झालेली आहे. अट एकच. ध्वनी मी सांभाळायचा, म्हणजे बहीण पुन्हा बाजूला बसली हे गावाला दिसेल. आणि चार भोंगे बाहेर चौकात लावायचे. हसणारे सगळे हॉलमध्ये नव्हते, ऐकणारेही हॉलपुरते नकोत.

"आणि नाही वाचलं तर?"

"चौकशी चालू राहील," ते मऊपणे म्हणाले. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

माफीचा मजकूर टाइप केलेला होता, चारच ओळी, आणि खाली बंड्याची सही. मी तो घेऊन कोठडीकडे गेले. भेटीच्या खोलीत मध्ये जाळी, इकडे एक बाक, तिकडे एक बाक. लेक आली ती त्याच युनिफॉर्ममध्ये, कॉलर काळी पडलेली, खिशातली शिट्टी काढून घेतलेली. गालाची हाडं दिसत होती. मी कागद जाळीला लावून धरला. तिने वाचला. पुन्हा वाचला.

"यात आम्ही दिसत नाही कुठे."

"तो शब्द बंद केलाय. सगळीकडे आपण घालतात आता." मी तिला हुकमाचं सांगितलं.

"मामाने हे वाचलंय?"

"सही आहे ना खाली. तू आता काही डोकं लढवू नकोस, बाई. मी हात जोडते तुझ्यापुढे, माझी शपथ आहे तुला. एक शब्द कमी करू नकोस, एक जास्त बोलू नकोस. वाच आणि घरी चल."

"शब्दाला शब्द वाचीन, आई," ती म्हणाली. "काना मात्रा इकडचा तिकडे नाही. तुझी शपथ."

मला इतकं बरं वाटलं की बाकावर बसल्या बसल्या रडू फुटलं. आणि बरं वाटलं याचाच असा संताप आला, की घरी येऊन मी पातेलं भिंतीवर फेकून मारलं. माझ्या पोरीने वाकावं म्हणून मी तिला शपथ घालून आले होते. हे याने केलं माझं. कोठडी तिला, पण वाकवलं मला आधी.

सभेच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. चौकात त्याहून जास्त लोक. पुढच्या दोन रांगा कचेरीच्या माणसांच्या. माफी संपली की यांनी टाळ्या वाजवायच्या, 'हेच योग्य' हे शेवटचे शब्द आले की सुरू करायचं, असं सचिव त्यांना माझ्यासमोरच समजावून गेले. बंड्या उंच खुर्चीत. मी स्टेजखाली ॲम्प्लिफायरला बसले आणि त्याच्याकडे बघितलं नाही. लेकीला आणलं, माइकसमोर उभं केलं. मी आवाज वाढवला. तेवढंच माझ्या हातात होतं, तिचा थकलेला आवाज नीट पोचावा.

तिने कागद उघडला. आणि नजर वर करून सगळ्या हॉलकडे, या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"आपण चुकलो," ती म्हणाली.

चौकातल्या भोंग्यातून ते परत ऐकू आलं. आपण चुकलो. माझा हात बटणावरच राहिला. कागदावर चार वेळा वाचलं होतं मी ते, नुसती माफी होती. पण माइकमधून माणसांसमोर आलं आणि ते एकदम सगळ्यांचं झालं. ती नव्हती चुकली, मी नव्हते चुकले. आपण चुकलो, याला निवडून. मागच्या रांगांमधल्या माना खाली गेल्या. कुणी हसलं नाही.

मग ती वळली. तोंड माइकजवळच ठेवून तिने मान वर केली आणि खुर्चीकडे बघत पुढच्या दोन ओळी वाचल्या, शांत, जराही न चिडता.

"खुर्चीचा मान आपण राखला नाही. ज्या गावाने आपल्याला मोठं केलं, त्याच गावाचा आपण विश्वासघात केला."

सचिवांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी आपली प्रत उघडली, ओळीवरून बोट फिरवलं. शब्दाला शब्द तेच होतं. बंड्याचा हात टेबलाखाली गेलेला मला खालून दिसत होता. बोट कळेवर होतं. पण दाबणार कसं? मजकूर त्याचा, सही त्याची, माफी त्याने मागवलेली. मध्येच माइक तोडला, तर हे बोलणं कुणाला उद्देशून आहे ते तोच गावाला सांगून बसणार.

"आपण जाहीर क्षमा मागावी," माझी लेक आपल्या मामाला म्हणाली, "हेच योग्य."

आणि पुढच्या दोन रांगांनी टाळ्या वाजवल्या. सांगितलं होतं ना! हेच योग्य म्हटलं की वाजवायच्या. शब्द ऐकला, हात उठले. काय ऐकलं ते डोक्यात शिरायच्या आत कडकडाट झाला होता. मग मागचे लोक उठले. शेवटच्या बाकाजवळून पहिला उठला तो शिंपी, मान वर करून. अख्खा हॉल उभा राहून, बंड्याकडे बघत, टाळ्या वाजवत होता, आणि चौकातून त्याच टाळ्या खिडक्यांमधून आत येत होत्या. कुणी घोषणा दिली नाही, कुणी शिवी दिली नाही. माफीला टाळ्या वाजवणं कुठल्या नियमात बसवणार? बंड्याने सवयीने हात वर केला, टाळ्या स्वीकारायला करतात तसा, आणि अर्ध्यावर त्याला कळलं की आपण काय करतोय. हात तसाच लोंबकळत राहिला. कळ त्याने त्यानंतर दाबली. वाक्य संपलेलं होतं.

सुटकेच्या हुकमावर सही होती. लेक माझ्याबरोबर घरी आली. वाटेत मी तिला विचारलं, हे तुला कोठडीतच कळलं होतं का? "तू शपथ घातलीस, मी पाळली," एवढंच म्हणाली, आणि घरी येऊन आधी आंघोळीला गेली.

जिंकलो वगैरे समजू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाला सील होतं. ध्वनीचा परवाना पुढील आदेशापर्यंत रद्द. नगरभवन दुरुस्तीसाठी बंद, माइकचा स्टँड तेवढा काढून नेलेला. लेकीची बस दुसऱ्याला दिली. मैदानाच्या कुंपणाला तार लागली. सत्तेपुढे शहाणपण चालत नाही म्हणतात ते खोटं नाही. फक्त पाणीपट्टीच्या रांगेत लोक आता एकमेकांना नमस्काराऐवजी 'हेच योग्य' म्हणतात, आणि त्याबद्दल काय हुकूम काढावा हे अजून कचेरीला सुचलेलं नाही.

त्याच संध्याकाळी तो आला. गाडी नाही, शिपाई नाही, चालत. शाळेतून यायचा तसा मागच्या दाराने. मी तांदूळ निवडत बसले होते. लेक आत झोपली होती.

"ताई, मी."

उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. चेहरा उतरलेला. माझा हात सवयीने त्याला पाणी द्यायला उठणार होता. तो मी सुपावर दाबून धरला.

"तू मला सगळ्या गावासमोर उघडं पाडलंस," तो म्हणाला. मी एक खडा काढून बाजूला टाकला. "जाऊ दे. झालं गेलं विसरून जा. दुकानाचं सील उद्या काढायला लावतो. तिलाही बस परत मिळेल. तिने फक्त एवढं म्हणावं, की वाचताना तिच्या मनात तसं काही नव्हतं. शेवटी आपण रक्ताची माणसं, ताई."

मी मान वर केली.

"आपण कोण?"

त्याला वाटलं मी त्याचाच जुना प्रश्न त्याला विचारतेय. थोडा सैलावला, हसलाही. "आपण म्हणजे तू, मी, पोरगी..."

"तसं नाही," मी म्हटलं. "आपण कोण? आणि कुणाकडे आलात?"

तेव्हा त्याला कळलं. उंबऱ्याला धरलेला हात त्याने काढून घेतला. जरा वेळ तिथेच उभा राहिला, मी परत हाक मारीन म्हणून. मी तांदूळ निवडत राहिले. मग मागच्या गल्लीतून त्याची पावलं गेली.

मी त्याला आपण म्हणावं, अशी त्याच्या कचेरीची फार दिवसांची विनंती होती. केली पुरी.